विश्लेषण : पॅरामोटर पेट्रोलवर की बॅटरीवर? आधी तुमचे नेहमीचे उड्डाण किती मिनिटांचे, ते मोजा

पाठीवर मोटर, मागे प्रोपेलर, डोक्यावर कापडी पंख आणि उड्डाणासाठी स्वतःचे दोन पाय. पॅरामोटर म्हणजे एवढेच. पॅराग्लायडिंगसाठी डोंगर लागतो, पॅरामोटरला मोकळे मैदान पुरते. त्यामुळे कामशेत किंवा पाचगणीला पॅराग्लायडिंग शिकलेल्या अनेकांच्या मनात पुढची पायरी म्हणून पॅरामोटरचा विचार येतो आणि लगेच प्रश्न पडतो : पेट्रोलची घ्यायची की इलेक्ट्रिक?

रस्त्यावर इलेक्ट्रिक स्कूटर आली, मग आकाशातही तसेच होणार, असे एक टोक. ‘बॅटरी म्हणजे खेळणे, खरी ताकद पेट्रोलचीच’ हे दुसरे टोक. दोन्ही टोके चुकीची आहेत, कारण दोघेही मोटरबद्दल बोलतात, उड्डाणाबद्दल कोणीच बोलत नाही. या लेखातले माझे मत सुरुवातीलाच सांगतो : इलेक्ट्रिक घ्यायची तर लहान बॅटरीची घ्या. मोठी बॅटरी लावून पेट्रोलशी बरोबरी करायला जाऊ नका. दूरचा पल्ला हवा असेल तर आज तरी पेट्रोलला पर्याय नाही. हे मत कुठून आले, ते आकड्यांनी पाहू.

हवेत राहायला किती ताकद लागते?

गणित अवघड नाही. पायलट ७५ किलोचा आणि पंखासह सगळे सामान ३५ किलोचे धरले, तर एकूण वजन ११० किलो. मोटर बंद केली तर असा पंख साधारण सहा मीटर पुढे जाताना एक मीटर खाली येतो. याचा अर्थ एका उंचीवर सरळ उडत राहण्यासाठी वजनाच्या सहाव्या भागाइतका, म्हणजे सुमारे १८ किलोचा जोर सतत लागतो. वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास. एवढ्या कमी वेगाला प्रोपेलरची निम्मी ताकद वाया जाते. मोटर आणि तिच्या कंट्रोलरमधील घट धरली, की बॅटरीतून सुमारे ४ किलोवॉट ओढले जातात.

वीजबिलाच्या भाषेत सांगायचे तर तासाला ४ युनिट. घरातले दोन गिझर एकाच वेळी तासभर चालू ठेवण्याइतका हा खर्च आहे. टेकऑफ करून वर चढताना तो काही मिनिटे तिप्पट होतो.

पेट्रोल एवढे पुढे का?

एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. एक किलो लिथियम बॅटरी पॅकमध्ये, म्हणजे सेल, वायरिंग आणि खोके धरून, साधारण ०.१८ युनिट. फरक साठ-सत्तर पटींचा आहे.

अर्थात इंजिन यातले बहुतेक वाया घालवते. पॅरामोटरमध्ये टू-स्ट्रोक इंजिन वापरतात. जुन्या यामाहा आरएक्स १०० चा आवाज आणि धूर आठवत असेल, तर जात तीच. आरएक्स १०० चे इंजिन सुमारे ११ अश्वशक्तीचे होते. पॅरामोटरमधील लोकप्रिय इटालियन ‘व्हिट्टोराझी मॉस्टर १८५’ सुमारे २५ अश्वशक्ती देते. असे इंजिन शांतपणे उडताना तासाला साधारण ४ लिटर पिते. त्यातील दहावा-आठवा भागच प्रोपेलरपर्यंत पोहोचतो. बाकी उष्णता होऊन जाते आणि काही पेट्रोल तर न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडते. इलेक्ट्रिक मोटर मात्र मिळालेल्या विजेपैकी ८५ ते ९० टक्के कामी लावते.

तरीही शेवटचा हिशेब पेट्रोलच्या बाजूने झुकतो. १० लिटर पेट्रोलचे वजन साडेसात किलो. दोन लिटर राखीव ठेवले तरी दोन तास उडता येते. तेवढ्याच वेळासाठी लागणाऱ्या बॅटरीचे वजन ५० किलोच्या पुढे जाईल. ते पाठीवर घेऊन माणूस उभा राहू शकेल, धावू शकणार नाही.

आणखी एक फरक सहसा लक्षात येत नाही. पेट्रोल जळत जाते तसे वजन कमी होते. बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड राहते. उतरताना थकलेल्या पायांवर पूर्ण वजन येते.

४ युनिटची बॅटरी म्हणजे एक तास?

कागदावर होय. हवेत नाही. टेकऑफ आणि ३०० मीटर चढाईला सुमारे अर्धा युनिट जातो. वीस टक्के राखीव ठेवावेच लागतात, कारण बॅटरी तळाला आली की व्होल्टेज घसरते आणि ऐन गरजेच्या वेळी पूर्ण जोर मिळत नाही. उतरण्याच्या जागेवर अचानक गुरे आली आणि पुन्हा वर चढायचे झाले, तर हीच राखीव वीज कामी येते. उरलेल्या वीजेत सुमारे ४० मिनिटे मिळतात. २ युनिटच्या बॅटरीत १५ ते २० मिनिटे.

आता वजन पाहा. इलेक्ट्रिकचा सांगाडा, मोटर, प्रोपेलर मिळून १३ किलोच्या आसपास धरू. २ युनिटची बॅटरी ११ किलो, एकूण २४. ४ युनिटची बॅटरी २२ किलो, एकूण ३५. पेट्रोल मोटर रिकामी २४-२५ किलो. चार लिटर भरले तर २७-२८, दहा लिटर भरले तर ३२.

इथेच माझा मुद्दा आहे. लहान बॅटरीची मोटर या सगळ्यांत हलकी ठरते. मोठ्या बॅटरीची मोटर पूर्ण टाकी भरलेल्या पेट्रोल मोटरपेक्षाही जड होते आणि तिच्या एक तृतीयांश वेळच उडते. म्हणजे जाहिरातीत जी ‘जास्त रेंज’वाली म्हणून विकली जाते, ती दोन्हीकडचे तोटे एकत्र करते.

वजनाचा प्रश्न आरामाचा नसून सुरक्षेचा आहे. वारा नसेल तर पंखाला उचलण्यासाठी ताशी २०-२५ किलोमीटर वेगाने धावावे लागते. पाठीवर ३५ किलो घेऊन, खडबडीत माळावर. नवशिक्यांची पडझड बहुधा इथेच होते. गुडघा, घोटा जातो, प्रोपेलर तुटतो. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला वजनातला दहा किलोंचा फरक म्हणजे टेकऑफ जमणे आणि न जमणे यातला फरक असतो.

मग लहान बॅटरीचा उपयोग काय?

वीस मिनिटे ऐकायला कमी वाटतात. पण ज्याला पॅराग्लायडिंग येते, त्याला मोटर सतत लागत नाही. डोंगरकडेला वारा वर चढतो, तापलेल्या जमिनीवरून गरम हवा उठते. तिथपर्यंत पोहोचायला मोटर हवी, पुढचे काम हवा करते. ३०० मीटरच्या एका चढाईला अर्धा युनिट लागत असेल, तर २ युनिटच्या बॅटरीत राखीव साठा सोडून तीन चढाया होतात. हवेने साथ दिली तर तेवढ्यात तास-दीड तास वर राहता येते.

इथे इलेक्ट्रिक मोटर खरोखर पेट्रोलच्या पुढे आहे. बटण बंद, शांतता. पुन्हा हवी तेव्हा लगेच सुरू. पेट्रोल इंजिन हवेत बंद केले तर ते पुन्हा सुरू होईलच याचा भरवसा नसतो. दोरी ओढून सुरू करायचे मॉडेल असेल तर हवेत ती कसरतच. त्यामुळे पेट्रोलवाले बहुतेक वेळ इंजिन चालूच ठेवतात.

शिकणाऱ्यांसाठीही हीच गोष्ट. सुरुवातीची उड्डाणे पाच-दहा मिनिटांची असतात. टेकऑफ, मैदानाभोवती एक फेरी, लँडिंग. कंपन नाही, धूर नाही, कार्बोरेटरची सेटिंग नाही. शिकणाऱ्याचे सगळे लक्ष पंखावर राहते. दोन-तीन बॅटऱ्या आलटून पालटून चार्ज करायची सोय प्रशिक्षण केंद्रात करता येते, एकट्या हौशी माणसाला ते महाग पडते.

इथेनॉलचा प्रश्न

पेट्रोल निवडणाऱ्यांसाठी आपल्याकडची एक अडचण खास आहे. आता देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल मिळते. नव्या मोटारी त्यासाठी बनवल्या आहेत. पॅरामोटरचे छोटे टू-स्ट्रोक इंजिन तसे नाही.

इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते, त्यामुळे ई-२० च्या एका लिटरमध्ये साध्या पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के कमी ऊर्जा मिळते. हा तोटा छोटा आहे. मोठा तोटा मिश्रणाचा आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. कार्बोरेटरचे जेट साध्या पेट्रोलसाठी लावलेले असेल, तर ई-२० वर इंजिनाला हवेच्या मानाने इंधन कमी पडते. इंजिन तापते. टू-स्ट्रोकमध्ये तापलेला पिस्टन अडकला की इंजिन जागच्या जागी बंद. मोटारीत असते तसे इंजेक्शन आणि सेन्सर इथे नाहीत, जे हे आपोआप सांभाळतील.

शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा ओढते आणि रबरी पडदे, नळ्या कडक करते. आपल्याकडे पावसाळ्यात उड्डाणे थांबतात. जून ते सप्टेंबर टाकीत मिश्रण तसेच राहिले, तर ऑक्टोबरमध्ये पहिल्याच दिवशी इंजिन रुसते. म्हणून टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवणे, दर मोसमात पडदे तपासणे, ताजे पेट्रोल आणि चांगल्या दर्जाचे टू-स्ट्रोक ऑइल ठरलेल्या प्रमाणातच मिसळणे, हे पेट्रोलवाल्यांना चुकत नाही. ज्याला स्पॅनर हातात घेण्याची आवड नाही, त्याने पेट्रोल मोटर घेण्याआधी दहा वेळा विचार करावा.

बॅटरीलाही पावसाळा सोसत नाही. चार महिने ती पूर्ण चार्ज करून ठेवली तर लवकर म्हातारी होते, पूर्ण रिकामी ठेवली तर कायमची जाऊ शकते. निम्म्याच्या आसपास चार्ज करून, कोरड्या आणि थंड जागी ठेवावी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तर कधीच नाही.

उन्हाळ्यातील हवा कोणाला जड?

मावळात साधारण ६०० मीटर उंचीवर, ४० अंश तापमानात हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते. पंखाला उचलण्यासाठी जास्त वेगाने धावावे लागते. पेट्रोल इंजिनाला श्वास कमी मिळतो, म्हणून त्याची ताकदही जवळपास तेवढीच घटते. इलेक्ट्रिक मोटरला हवा जाळायची नसते, तिची ताकद टिकते. मात्र प्रोपेलरला विरळ हवेत पकड कमी मिळते, ते दोघांनाही टळत नाही आणि इलेक्ट्रिकची बॅटरी तापते. दुपारी उडू नये, हा जुना सल्ला मोटर बदलली म्हणून बदलत नाही.

वीज स्वस्त, बॅटरी नाही

पेट्रोल लिटरला शंभरी पार आहे. तासाला ४ लिटर आणि सोबतचे ऑइल धरून ५०० रुपये होतात. इलेक्ट्रिकसाठी तासाला ४-५ युनिट, युनिटला १० रुपये धरले तरी ५० रुपयांच्या आत. इथेच बहुतेक जण हिशेब थांबवतात.

पुढे जाऊ. समजा ४ युनिटची बॅटरी आयात करून तीन लाखांना पडली आणि ४०० वेळा चार्ज झाल्यावर तिची क्षमता कामापुरती राहिली नाही. म्हणजे प्रत्येक चार्जला ७५० रुपये बॅटरीची झीज. ४० मिनिटांच्या उड्डाणाला ७५०, म्हणजे तासाला हजाराच्या वर. तुमच्या बॅटरीची खरी किंमत आणि कंपनीने दिलेली चार्जची हमी घालून हेच गणित करा. पेट्रोल इंजिनालाही पिस्टन, रिंग, स्पार्क प्लग, बेल्ट यांचा खर्च असतोच, पण तो थोडा थोडा येतो. बॅटरीचा एकदम येतो. पैसे वाचवण्यासाठी इलेक्ट्रिक घेणार असाल तर थांबा.

पर्यावरणाचे काय? आपली बहुतांश वीज आजही कोळशाची आहे. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. तासाच्या उड्डाणाला साधारण ३ किलो. ४ लिटर पेट्रोल जाळले तर ९ किलोच्या वर. कोळशाची वीज धरूनही इलेक्ट्रिक एक तृतीयांशवर येते. शिवाय गावावरून सकाळी सहाला उडताना गोंगाट खूप कमी. प्रोपेलरचा आवाज राहतो, इंजिनाचा जातो. गावकऱ्यांशी संबंध बिघडून उडण्याची जागा गमावण्यापेक्षा हा फायदा मोठा आहे.

लांब पल्ल्याचे काय?

२०१६ मध्ये भारतीय हवाई दलाच्या पथकाने ‘प्रदक्षिणा’ मोहिमेत पॅरामोटरवरून देशाभोवती सुमारे १० हजार किलोमीटरचा प्रवास केला. त्याच वर्षी पक्षीसंवर्धनासाठी काम करणाऱ्या साशा डेंच यांनी रशियाच्या आर्क्टिक भागातून ब्रिटनपर्यंत बेविक हंसांच्या मार्गाने सुमारे ७ हजार किलोमीटर पॅरामोटर उडवली. रस्ता नाही, वीज नाही अशा प्रदेशात कॅनमधले पेट्रोलच कामी येते.

पुढे २०२१ मध्ये डेंच यांनी ग्लासगोच्या हवामान परिषदेआधी इलेक्ट्रिक पॅरामोटरवर ब्रिटनला वळसा घालण्याची मोहीम काढली. ती शक्य झाली कारण खाली बॅटऱ्या आणि चार्जिंगची व्यवस्था घेऊन चालणारे पथक होते. सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडमध्ये त्यांची आणि सोबतच्या पायलटची हवेत टक्कर झाली. सोबतच्या पायलटचा मृत्यू झाला, डेंच गंभीर जखमी झाल्या. दोन पंख हवेत एकमेकांवर आले, की खालची मोटर कोणती हे गौण ठरते.

प्रवासाचाही मुद्दा आहे. विमानात १६० वॉट-अवरहून मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही. पॅरामोटरची बॅटरी त्याच्या दहा-वीस पट. पेट्रोलचा वास येणारे इंजिनही विमान कंपन्या सहसा नाकारतात, पण ते धुऊन, सुकवून मालवाहतुकीने पाठवता येते आणि पेट्रोल पोहोचल्यावर भरता येते. बॅटरीला असा पर्याय सोपा नाही. स्वतःची गाडी हाच तिचा रस्ता.

पर्यटकांच्या जॉयराइडला कोणती?

दोन माणसांचे वजन धरले की ताकद जवळजवळ दुप्पट लागते. दहा मिनिटांच्या फेरीला दीड-दोन युनिट जातात. खाली पर्यटकांची रांग असते आणि चार्जिंगला तास लागतो. म्हणून व्यावसायिक आज पेट्रोल वापरतात, आणि त्यात काही गैर नाही. पर्यटकाने इंधनापेक्षा वेगळे प्रश्न विचारावेत : पायलटचे प्रशिक्षण कोणते, राखीव पॅराशूट आहे का, संस्थेची राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी आहे का, विमा आहे का. किनाऱ्यावरून उडत असाल तर लाइफ जॅकेट आहे का, हा आणखी एक. पाण्यात उतरल्यावर पाठीवरचे तीस किलो आणि भिजलेला पंख माणसाला खाली ओढतात.

शांत मोटर म्हणजे सुरक्षित मोटर नव्हे

मोटर बंद पडली तर पॅरामोटर दगडासारखी पडत नाही, पॅराग्लायडर होऊन तरंगत उतरते. म्हणून खाली उतरण्याची जागा कायम टप्प्यात ठेवणे, हा पहिला नियम. तो दोन्ही मोटरना सारखाच लागू.

जमिनीवरचा धोका मात्र वेगळा आहे. फिरत्या प्रोपेलरमध्ये हात जाणे, ही या खेळातली कुप्रसिद्ध दुखापत. पेट्रोल इंजिन निदान आवाज करून इशारा देते. इलेक्ट्रिक मोटर चालू स्थितीतही गप्प असते आणि थ्रॉटलला चुकून धक्का लागला तर क्षणात पूर्ण वेगाने फिरते. बॅटरी जोडण्याआधी मोटर पाठीवर चढवणे आणि उतरल्यावर पहिल्यांदा बॅटरी तोडणे, ही सवय लावून घ्या. आसपास मुले जमतात, हे आपल्या गावांत गृहीत धरूनच चाला.

आणि परवानगी. मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडर, पॅरामोटर यांच्या उड्डाणावर बंदीचे आदेश काढतात. पुण्याभोवती लोहगावचा हवाई तळ आहे. मोटर आवाज करत नाही म्हणून नियम लागू होत नाहीत, असे समजू नका.

तर मग कोणती घ्यावी?

स्वप्नातल्या सर्वांत लांब उड्डाणासाठी मोटर घेऊ नका. गेल्या वर्षी केलेली किंवा पुढच्या वर्षी खरोखर होणार आहेत ती उड्डाणे मोजा.

एकाच ठरलेल्या मैदानावरून उडता, तिथे चार्जिंगची सोय आहे, पॅराग्लायडिंग येते आणि मोटर फक्त वर पोहोचायला हवी, तर २ युनिटच्या आसपासची हलकी इलेक्ट्रिक घ्या. वजनाने लहानखुरे असाल तर आणखी आनंदाने घ्या. प्रशिक्षण केंद्रांनीही याच दिशेने जावे, असे मला वाटते.

तास-दोन तास उडायचे, जागा बदलत फिरायचे, सपाट प्रदेशात जिथे हवा उचलणार नाही तिथे उडायचे, तर पेट्रोल घ्या आणि ई-२० सांभाळायला शिका.

विक्रेत्याने मोठ्या बॅटरीचे मॉडेल दाखवले, तर पैसे देण्यापूर्वी ते पूर्ण वजनासह पाठीवर चढवा आणि मैदानात पन्नास पावले धावून दाखवा. दम लागला तर रेंजचा आकडा कितीही मोठा असो, ती मोटर तुमच्यासाठी नाही.